शुक्रवारच्या पेट्या

लिएपाया. चौथा मजला, लिफ्ट बंद.
पाठीवर रिसीव्हर, खांद्याला वायरचं भेंडोळं.
दार स्कैद्रीते बाईंनी उघडलं,
वय एकोणऐंशी, पायात लोकरी मोजे,
आणि पहिलाच प्रश्न:
"ओहम किती?"

दुकानात बारा वर्षं झाली मला.
लोक विचारतात रंग कुठला,
फारच झालं तर, हप्ता किती.

पुढचे दोन स्पीकर त्यांचेच, जुने, रीगाच्या कारखान्यातले.
तिथं कॉइल गुंडाळण्यात बाईंची सव्वीस वर्षं गेली.
चार ओहम. माझा रिसीव्हर सहाच्या खाली उतरायला कुरकुरतो.
नवे घ्या, म्हटलं. त्यांनी चहा ओतला.
पुन्हा म्हटलं. त्यांनी राईच्या पावाला लोणी लावलं.
मग मीच मुकाट जिना उतरलो
आणि चाराला न भिणारा रिसीव्हर घेऊन वर आलो.

वायर दोन्हीकडे सारखीच कापली,
डावा हाताशी असला तरी.
उरलेली कपाटामागे वेटोळं करून निजवली.
लाल लालला, काळी काळ्याला,
मधला टीव्हीखाली,
मागचे दोन कोटांच्या खुंट्यांपाशी.
सुरू केलं.
आवाज आला, पण पोकळ.
निवेदक बोलतोय आणि खोलीत कुठंच नाही,
बादलीत तोंड घालून बोलावं तसा.

मी मेनू चाळत बसलो.
बाई उठल्या. भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला,
घड्याळ पावणेपाचला थांबलं,
आणि स्पीकरच्या सोडवलेल्या तारा
सेलच्या दोन टोकांना टेकवल्या.
टक्.
उजव्याचा पडदा बाहेर आला.
टक्.
डाव्याचा आत गेला.

"एक श्वास घेतो तेव्हा दुसरा सोडतो," त्या म्हणाल्या,
"सगळं मधल्यामध्ये हवाच खाऊन टाकते."
लाल ठिपका ठळक होता. जागा चुकलेली.
"ठिपके झेंटा द्यायची.
शुक्रवारी पगार झाला की हात कामावर, डोळे दाराकडे.
ही पेटी शुक्रवारची."
तार उलटी जोडली,
आणि निवेदक येऊन
मुकाट्यानं टीव्हीच्या मधोमध उभा राहिला.

राहिला सब-वूफर.
त्याची जागा शोधायची रीत जरा लाजिरवाणी:
त्याला बसवायचं ऐकणाऱ्याच्या खुर्चीत
आणि आपण भिंतीकडेनं रांगायचं,
धुमधुम जिथं फुगत नाही, विरत नाही,
तिथं थांबायचं.
खुर्चीत काळा ठोकळा, मानाच्या पाहुण्यासारखा,
खाली मी, छत्तीस वर्षांचा, चारी पायांवर,
आणि बाई हसून हसून स्टुलावर टेकलेल्या.
खिडकीच्या अलीकडं, कुंडीपाशी, सापडलं.
तेवढ्यात रेडिएटरचा पाइप खणखणला. तीनदा.
"खालचा आर्विड्स," त्या म्हणाल्या.
"म्हणजे बास पोचला."

हे सगळं कशासाठी, मी आता विचारलं.
"आइस हॉकीसाठी. दुसरं कशासाठी?
स्केट डावीकडून उजवीकडे जाताना ऐकू यायला हवं.
या वयात डोळ्यांना चकती सापडत नाही."

सामना सुरू झाला. थांबलो.
बर्फ खरखरत खोलीभर फिरला,
चकती मागच्या फळीवर आदळली,
बाईंनी वळून कोटांकडे पाहिलं.

आणि मग पाइप. एकदाच, जोरात.
पडद्यावर काहीच नव्हतं,
आमचे अजून मधल्या रेषेवर घुटमळत होते.
बाईंनी कप खाली ठेवला. मूठ वळली.
अर्ध्या मिनिटानं गोल झाला.

आर्विड्सकडे छतावरचा अँटेना,
बाईंचं इंटरनेटवरून येतं, मागून.
पाचाशी एकाचं माझं गणित,
आणि सातवा हा, गंजलेला, कुठल्याच मेनूत नसलेला,
सगळ्यांच्या पुढं पळणारा.

अँटेना बसवून देतो, म्हटलं, फुकट.
त्यांनी हातानंच नको म्हणून सांगितलं
आणि कान पाइपकडे केला.

जाताना आठवलं, सेल अजून माझ्याच खिशात.
घड्याळात घातला.
किती वाजले म्हणून वेळ लावायला विचारलं.
"श्शू," त्या म्हणाल्या.