सुकती

मुठीवर टेप गुंडाळलाय, तरी कंपनीचं नाव
अर्धं अजून वाचता येतं.
मॉल बंद पडला, दोन महिन्यांचा पगार राहिला तो राहिलाच.
मी हे यंत्र पिशवीत घालून घरी आणलं.
चोरलं म्हणा हवं तर.

अकरा वर्षं पडद्याआडच्या खोक्यात
बायकांच्या अंगावरून फिरवलं.
मंगळसूत्र, पिना, हूक, कमरेचा छल्ला.
हात वर करा. वळा. जा.
चेहरे गेले. आवाज राहिले.

एक म्हातारी कमरेपाशी वाजली.
पदर झटकला, कनवटी सोडली, काहीच नाही.
"आत हाय गो," ती म्हणाली, "डॉक्टरनं खिळा ठोकलाय.
तो कसा काढून दाखवू तुला?"
मागे रांग खोळंबलेली.
यंत्र बिघडलंय, असं मी वहीत लिहिलं.

आता माहीमला सुकती लागली की खाली उतरते.
छत्रीच्या दांड्याला यंत्र बांधलंय.
दोन बोटं खोल, तेवढंच त्याला कळतं,
त्याखालचं सगळं समुद्राचं.
शेजारचा रुबेन पिठाची चाळण धरतो.

झाकणं. झाकणं. पुन्हा झाकणं.
सोड्याची, बिअरची, एक खोकल्याच्या औषधाचं.
ती वेगळ्या पिशवीत, भंगारवाला किलोवर घेतो.
मग मधेच कधीतरी
गंजून बिस्किटासारखा फुगलेला रुपया,
मिठाने कुरतडलेले चौकोनी पाच पैसे,
कमळाचे वीस पैसे, जे आई देव्हाऱ्यात ठेवायची
आणि ह्यात सोनं आहे म्हणून आम्हाला फसवायची.
स्वतःलाही, बहुतेक.

परवा भोकाचा पैसा मिळाला.
भोकात वाळू गच्च बसलेली.
रुबेनने काडीने ती टोकरली, पैसा डोळ्याला लावला.
"मावशी, ह्यातून सी-लिंक दिसतो!"
अख्खा?
"नाही. एकच खांब."

कापड बाजारातली शमशादबी म्हणते, उचलू नकोस,
हे हरवलेले नाहीत, नवसाचे आहेत.
मी म्हटलं, फळला असेल तर हिशेब मिटला,
नसेल फळला तर समुद्राने परत करायलाच हवा.
कुणाला करायचा, ते ना तिला सांगता आलं ना मला.
बरणीत टाकते. लोणच्याची होती,
नाण्यांना अजून मोहरीचा वास येतो.

आज खडकापाशी वाकले आणि यंत्र किंचाळलं.
असं कधी ओरडलं नव्हतं.
हाताने उकरलं, खड्ड्यात पाणी भरलं,
चाळणीत वाळू, एक शिंपला, अजून वाळू.
चार पावलं सरकले. तिथेही तेच.
हंडा असेल, रुबेन म्हणाला, खूप मोठा,
खालून खालून पसरलेला.
मग त्याने काठी माझ्या हातातून घेतली.
यंत्र गप्प.
मी पुढे झाले, बोंब.
मागे झाले, गप्प.

तो माझ्या गुडघ्याकडे बघत राहिला.
उजवा. मार्चमध्ये बसवलेला,
केईएमला, सहा महिने नंबर लावून.

"हात वर करा," तो म्हणाला.
मीच कधीतरी शिकवलेलं त्याला, जेवायला घालताना, खेळ म्हणून.
"वळा."

भरती लागली होती.
चपलेखालची वाळू थोडी थोडी निघून चालली होती.
मी हात वर केले.