खदान क्रमांक सात

पहाटे पाचला उमरेड रोडवर चहा मिळत नाही.
सुखदेव उईके थर्मास आणतो, आणि डब्यात आमिष:
शेंगदाण्याचा कूट, ज्वारीचं पीठ, चिमूटभर सुकट.
"आपल्यापेक्षा उंदराचा नाश्ता बरा, मॅडम."

पाचगावच्या खदानीत ऊन उशिरा उतरतं.
साठ वर्षं सुरुंगांनी कोरलेली ही दरी,
नकाशावर तिला कोणी दरी म्हणत नाही.
तळाशी हिरवं पाणी, काठावर बाभळी,
मधल्या काळ्या कपारींत काल संध्याकाळी
आम्ही पन्नास पिंजरे मांडले,
प्रत्येकाजवळ लाल चिंधी, परतताना सापडावेत म्हणून.

एक ते अकरा रिकामे.
बारामध्ये बेडूक, रागावलेला.
सतराचं दार पडलेलं, आमिष गायब. मुंग्यांवर संशय.
तेवीस उचलला, तर हाताला वजन लागलं.

पिशवीत ओतला. कापडाच्या कोपऱ्यात
हालचाल, मुठीएवढीही नाही.
काटेरी उंदीर.
पाठीचे केस उलटे फिरवले तर बोटाला टोचतात,
पोट मात्र पांढरं, आत्ताच धुतलेल्या रुमालासारखं.
अठरा ग्रॅम.

पुढचं काम अंगठ्याचं.
बरगड्यांवर, पुढच्या पायांच्या जरा मागे,
आणि मनात वीसपर्यंत आकडे.
गोंडाणे सर म्हणायचे, मध्ये सोडू नकोस,
अर्धवट दया सगळ्यात वाईट.
मी वीसपर्यंत मोजते.
बारा वर्षांत पंधरावर कधी डोळे मिटले नाहीत, असं नाही.

वरच्या झोपडीतून रोशनी मडावी उतरते,
शाळेच्या स्वेटरात, दात घासत.
"मेला का जी?"
हो.
"काहून मारला? तुमचं काय खाल्लं त्यानं?"
उईके थर्मासचं झाकण घट्ट करतो,
जे आधीच घट्ट होतं.

संग्रह, नोंद, शास्त्र: हे शब्द माझ्याकडे आहेत,
पण तिच्या तोंडात मंजनाचा फेस आहे
आणि ती उत्तराची वाट बघून राहिली आहे.
मी तिला चिठ्ठी देते,
जी उंदराच्या मागच्या पायाला बांधायची असते.
ती बोट फिरवत वाचते:
पाचगाव. खदान क्रमांक सात. पश्चिमेची कपार.
"हा तर आमचा पत्ता आहे!"

उन्हाळ्यात इथे वीजकेंद्राची राख येणार,
ट्रकमागून ट्रक, खड्डा सपाट होईस्तोवर.
कागद निघालाय. तिच्या बापाला माहीत आहे.
तिला माहीत आहे का, मी विचारत नाही.

संध्याकाळी नागपुरात, मागच्या खोलीत,
मी याच्यात कापूस भरेन, शेपटीत तार,
आणि ड्रॉवरमध्ये पोटावर झोपवेन
दुसऱ्या गावांच्या उंदरांशेजारी.

"माहं नाव बी लिहा न."
चिठ्ठीवर जागा उरलेली नाही.
मागच्या बाजूला, पेन्सिलीनं,
कारण शाई ओलीत पसरते,
तीच लिहिते. 'श' मोठा होतो, 'नी' कडेवर दाटतो.

अजून सत्तावीस पिंजरे बघायचे आहेत.
ऊन आता पाण्यापर्यंत आलंय.