लाल चिठ्ठी

शाळेमागे, जिथे पिवळ्या बसगाड्या रात्रभर उभ्या असतात,
तिथे सप्टेंबरपासून एक घर उभं राहतंय.
खरंखुरं. दोन खोल्या, एक न्हाणी, ओटा दक्षिणेला.
बांधणारे सोळा-सतरा वर्षांचे.
जूनमध्ये ते ट्रेलरवर चढून गावाबाहेर जाईल
आणि कुणी अनोळखी माणूस त्यात अंडी तळेल.

मी सॅगिनॉ शहराची इमारत तपासनीस.
हातात विजेरी, खिशात चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे,
हिरवा आणि लाल.

विटकोव्स्की मास्तर दारात. दार म्हणजे अजून नुसती चौकट.
म्हणाले, जे असेल ते पोरांसमोरच बोला.
उणे अकरा. पोरांच्या तोंडून वाफा,
कमरेला हत्यारांचे पट्टे,
नव्या चपलांसारखे सारखे खाली वाकून पाहिलेले.

भिंती ओळंब्यात. कोपरे गुण्यात;
ज्या दोघांनी ते जुळवले त्यांचं आपसात बोलणं बंद आहे
असं कळलं, पण कोपरे गुण्यात.
खिडकीवर पेन्सिलीनं लिहिलेलं : जमारी इथे जेवला.
मी टेप लावते. सोळा इंच, सोळा इंच, सोळा,
एका ठिकाणी दोन सूत कमी.
सूतच म्हणते मी मनात, पाव इंच कधी नाही.
बाबा कोल्हापूरच्या फौंड्रीत लाकडी साचे करायचे.
कुणाचं सूत जुळलं म्हटलं की मान वर न करता
विचारायचे, किती सूत?
या गावानंही एके काळी लोखंड ओतलंय.
दोन सूत मी सोडून दिलं.

मग न्हाणीच्या फळ्यांखाली शिरले.
विजेरीच्या उजेडात तुळई,
आणि मधोमध, जिथे तिचं पोट सगळ्यात जास्त ताणतं,
अगदी तिथे
पाइपासाठी चौकोनी खाच.
सुबक होती. त्याचंच वाईट वाटलं.
कडा पटाशीनं साफ केलेल्या, भुसा फुंकून टाकलेला.

कुणी?
जमारीनं बुटांकडे पाहिलं,
ओडेलनं वाशांमधून दिसणाऱ्या आभाळाकडे.
इत्झेल म्हणाली, मी. तुळई आडवी येत होती.

तुळईचं गणित मी चार वर्षं शिकले
आणि त्या चार वर्षांत एकही तुळई उचलली नाही,
हे मी तिला सांगितलं नाही.
नियम सांगितला : मधल्या तिसऱ्या हिश्श्यात खाच चालत नाही.
चौकटीच्या खिळ्याला लाल चिठ्ठी अडकवली.
ती फडफडत राहिली, पोरानं जीभ दाखवावी तशी.

मास्तर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, आता?
कुणी म्हणालं काढून टाकू. कुणी म्हणालं लांबी भरू,
त्यावर हसू फुटलं, मीही हसले.
इत्झेल हसली नाही.
सिस्टर करावी लागेल, म्हणाली.

इकडचे सुतार असंच म्हणतात.
दुखावलेल्या तुळईला लगटून दुसरी धडधाकट,
या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोल्ट घालून.
जुनी काढत नाहीत. ती राहते, खाचेसकट,
फक्त भार आता दोघींचा.
बाबा म्हणाले असते, जोड दिला.
तुळईला बहीण.
गाडीत बसून मी मोठ्यांदा म्हणून पाहिलं,
हीटर गरम होईपर्यंत दोनदा.

नऊ दिवसांनी परत गेले.
पाइप वळणानं नेलेला, तुळईला न शिवता.
बोल्ट वर-खाली, वर-खाली, एकाला वॉशर नव्हता;
तो तिनं माझ्यासमोर बसवला, बोटं निळी पडलेली,
हातमोजे दातांत.

हिरव्या चिठ्ठीवर मी सही केली.
तिनं विचारलं, लाल मी ठेवू का?
तसं चालत नाही. लाल चिठ्ठी फाइलला लावायची असते,
तारीख घालून.
मी तारीख घातली.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं :
मूळ प्रत वाऱ्यानं गेली.