आधी अंतर सांग

सदुसष्ट साली बा कणकुंबीहून निघाला,
जांबोटीपर्यंत चालत, पुढं सर्व्हिस मोटारीनं.
कनवटीला रताळ्यांचे पैसे
आणि डोक्यात एकच घोर :
सशापासून गव्यापर्यंत
सगळ्याला चालंल अशी
एकच बंदूक कुठली?

बेळगावात, कॅम्पात, इनास मिस्त्रीचं दुकान.
कुण्या मेजरची रायफल मांडीवर आडवी,
जवसाच्या तेलाचा वास,
आणि मिस्त्री नळीतून उजेड बघत बसलेला.
वर न बघताच म्हणाला,
"जनावर मागनं सांग गा. आधी अंतर सांग."

बाला अंतर कुणी विचारलंच नव्हतं कधी.
माळ्यापासून बांधापर्यंत किती, हे पायाला ठाऊक,
तोंडाला नाही.
म्हणून तो दुकानातून पावलं मोजत निघाला,
पायरी उतरला, रस्ता ओलांडला,
एका टांग्याला थांबवलं,
आणि पलीकडं बेकरीच्या दारात उभा राहून ओरडला,
"एवढं!"

बत्तीस पावलं.

"मग तीनशे पंधराला हात लावू नको,
तिची गोळी तुझं डुक्कर भेदून
पुढच्या वाडीतल्या म्हशीची चौकशी करत जाईल.
पॉइंट टू-टूनं डुक्कर मरत नाही, नुसतं चिडतं.
ही तीनशे पंच्याहत्तर साहेबलोकांची,
एका बाराला तुझं आठवड्याचं तेलमीठ.
तू बारा बोअर घे.
नळी तीच, काडतूस बदलायचं.
सहा नंबर रानकोंबड्याला, एल.जी. डुकराला."

"आणि गव्याला?"

मिस्त्रीनं चिंधीची घडी घातली.
"गव्याला वाट दे."

पहिल्याच आषाढात कागदी काडतुसं फुगली,
नळीत शिरेनात.
आईनं ती बिस्किटाच्या डब्यात घालून
चुलीमागच्या कोनाड्यात ठेवली, तेव्हा
आठ दिवस घरात कुणी मोठ्यानं शिंकलं नाही.
अंधारात ओळखू यावं म्हणून
एल.जी.च्या बुडाला बानं विळ्यानं खाच पाडली.

आणि तरीही त्या रात्री
नळ्यांत दोन्ही सहा नंबर होते.
बांधावर काळं काहीतरी उभं,
आधी वाटलं, करवंदीची जाळी आहे.
मग जाळीनं श्वास सोडला.
बाचा हात खिशात. बोटं खाचा मोजताहेत,
एक, दोन, तीन,
तिन्ही बरोबर, तिन्ही खिशात.
गव्यानं रताळ्याचा एक वेल उपटला,
चघळत चघळत बाकडं बघितलं,
म्हणजे बा तसं सांगायचा.
मला वाटतं, त्यानं नुसतं अंतर बघितलं असेल.

बहात्तर सालानंतर रानकोंबडा कागदावरनं उडाला,
ससा पळाला,
लायसनवर उरलं फक्त पीकसंरक्षण.
शिक्का आधी म्हैसूरचा, मग कर्नाटकाचा,
खाली सही तीच, मराठीत, थोडी तिरकी.
पुढं बा बहुतेक वेळा आभाळालाच बार काढायचा.
मिस्त्रीनं न सांगितलेली एक गोष्ट त्याला सापडली होती,
आवाज सगळ्यांना एकाच नंबराचा लागतो.

आता बंदूक माझ्या नावावर.
कन्नड फॉर्मवर 'नातं' कुठल्या रकान्यात ते
हवालदारानं बोटानं दाखवलं,
आणि माझ्याकडं, मग बंदुकीकडं,
मग पुन्हा माझ्याकडं बघितलं.
निवडणूक आली की ती खानापूरच्या ठाण्यात जमा करते,
घोड्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधून.
तिथं ती पन्नासेक बहिणींबरोबर भिंतीला टेकून असते,
आणि इकडं महिनाभर
डुकरं निवांत रताळी उकरतात, मतमोजणीपर्यंत.

काल ती परत आणली.
जुना माळा अजून त्याच फणसाच्या झाडावर आहे.
खाली उतरून बांधापर्यंत मोजत गेले.
बाची बत्तीस पावलं
माझी एकोणचाळीस भरतात.
आणि बांधापलीकडं, ओल्या मातीत,
ताटलीएवढा एक खूर,
त्यात साचलेलं पाणी
अजून गढूळच होतं.