रिकामी फेरी

तासगावात, सावळज रस्त्याच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये
बुधवारी दुपारी जुना कॉम्प्युटर गेला.
जळक्या रबराचा वास, आणि दुसऱ्या दिवशी सौदे.
मगदूम म्हणाले, काय वाट्टेल ते कर,
बिल्किसताईंचा निळा पडदा मला सकाळी पाहिजे.

निळा पडदा म्हणजे कुरणे सरांचा प्रोग्राम.
त्र्याण्णवचा. माउस कशाशी खातात ते ठाऊक नाही त्याला.
कुठल्या खोलीत, कितव्या रॅकला, कितव्या थरात
कुणाचा हिरवा, कुणाचा पिवळा, कुणाचा काळा बेदाणा,
एवढं मात्र तोंडपाठ.
आणि तूट.
पंधरा किलोची पेटी पाच महिने गारठ्यात बसली
की किती ग्रॅम हवेत जातात, याचं सरांचं एक गणित होतं.
ते आत आहे. बाहेर कुणालाच येत नाही.
पुण्याची कंपनी म्हणाली, नवीन करून देतो, फक्त सूत्र सांगा.
सूत्र सांगणाऱ्याची राख कृष्णेत सोडून आठ वर्षं झाली.
मूळ फ्लॉपी त्यांच्या लेकीनं आणून दिली, पिशवीतून.
तिच्यावर बुरशी, लोणच्यावर धरते तशी.

मी हार्ड डिस्क काढली, उगीचच फुंकर मारली.
नव्या मशिनवर लिनक्स होतं, फुकट मिळतं म्हणून.
त्याला या पाहुण्याचं अक्षर कळेना.
मग पाहुण्याला काही शिकवायच्या भानगडीत पडलो नाही,
त्याच्याभोवती त्याचं जुनं गाव उभं केलं.
खोटी सी ड्राइव्ह, खोटी सहाशे चाळीस केबी मेमरी,
प्रिंटरचं खोटं पोर्ट, पंचवीस पिनांचं,
ज्याच्या पलीकडे खरा डॉट मॅट्रिक्स
पांढरी, गुलाबी, पिवळी पावती कर्रर्र फाडत बसेल.

पावणेदोनला पडदा निळा झाला
आणि सुसाट सुटला.
सरांनी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून ठेवलेली.
'थांबा, वजन परत बघा' आलं आणि गेलं.
'वरचा थर भरला' आलं की नाही तेही कळलं नाही.
सकाळी ताई आल्या, चष्मा लावला, काढला, पुसून परत लावला.
हा आपला नव्हे, म्हणाल्या. आपला जरा विचार करतो.

आत डोकावलो.
फॉक्सप्रोचं पोट थोडंफार उकलून बघता येतं.
दोन ओळी सापडल्या:
एकपासून तीस हजारांपर्यंत मोज.
काही करू नको.
मला वाटलं चूक असेल, राहून गेलं असेल काही.

ताई म्हणाल्या, सर माझ्याशेजारी स्टुलावर बसायचे,
हातात घड्याळ काढून.
मी पाटीवर खडूनं नंबर लिहून
हमालाला हाक मारेपर्यंत किती वेळ जातो, ते बघायचे.
नवी होते मी तेव्हा. सात आणि एक सारखेच यायचे.

म्हणजे ती तीस हजारांची रिकामी फेरी
त्र्याण्णव सालच्या एका मुलीच्या हाताची लांबी होती.
त्या वेळच्या प्रोसेसरला चार सेकंद लागायचे.
नव्याची पापणीही लवत नाही.

मग मशिनचा वेग उतरवत बसलो.
ताई पाटीवर लिहितायत, मी आकडा खाली आणतोय,
अजून, अजून थोडा,
जोंधळ्याची भाकरी थापताना पाणी लावावं तसं अंदाजानं.
चार सेकंदांवर आलो तेव्हा लक्षात आलं,
ताईंचं तर अडीचमध्येच लिहून होतंय.
उरलेला दीड सेकंद त्या खडू धरून पडद्याकडे बघत उभ्या.
कमी करू का, विचारलं.
त्या म्हणाल्या, कशाला.

बाहेर सौदा पेटला होता.
मूठमूठ बेदाणा उधळत होते, फरशीवर चिकट पावलं.
भीमा हमालानं दारातून नंबर विचारला, तो ताईंनी सांगितला,
चार सेकंद पुरे झाल्यावर.

बिलात लिहिलं: मशिन हळू केले, रुपये सातशे.
मगदूमांनी दोनदा वाचलं,
मग पन्नास कापून दिले.
तूट, म्हणाले.