दोघांच्या नावावर नसलेली जागा

अक्कलकोट रोड, एमआयडीसी. रात्रीचे पावणेबारा.
खाली टॉवेलचे माग खडखडतायत,
वर सर्व्हरच्या खोलीत एसी कण्हतो,
आणि बोमड्याल शेठ माझ्या खुर्चीमागे उभे.
"चारशे जीबी पुसलो की मी दुपारी.
मग डिस्क भरलेलीच कशी दाखवायलीय?"

त्यांनी पुसली ती जुनी डिझाइनं.
मोराची काठपट्टी, तिचे सगळे स्कॅन.
पण गेल्या रविवारचा स्नॅपशॉट त्यांना धरून बसलाय
आणि त्याच्या आदल्या रविवारचाही.
शेठ, तुम्ही पाटी काढलीत दारावरची.
माणसं घरातच आहेत.

"मग ते दोन्ही काढून टाक."
मी आकडे दाखवते.
पहिला: बारा एमबी. दुसरा: नऊ.
शेठ बोटांवर बेरीज करतात, एकवीस,
आणि हसतात.
सूत वजनावर घेण्यात जन्म गेला त्यांचा.
"असला काटा सुतगिरणीत चालला नसता."

हा काटा वेगळा प्रश्न विचारतो, शेठ.
हा एकटाच गेला, तर किती मोकळं होईल?
एवढंच.
जे दोघांनी मिळून धरलंय
ते याच्या खात्यात नाही, त्याच्याही नाही.
एकाला काढा,
दुसऱ्याच्या नावावर चारशे जीबी चढतील
त्याने जागचं बोट न हलवता.

बेडशीट विभागाचा क्लोन आहे, तो तर शून्यच सांगत होता.
अख्खी चादर अंगावर, आणि म्हणे माझं काही नाही.
हैदराबादच्या पार्टीने कमळाचा रंग बदलला
तेव्हा बदललेल्या तेवढ्याच धाग्यांचं वजन आलं.
आणि तो ज्याच्यावर उभा आहे
तो जुना स्नॅपशॉट काढू म्हटलं
तर यंत्र सरळ नाही म्हणतं.

जिन्याखाली मल्लेशम बसतो.
शेवटच्या चार जुन्या मागांची
फाटकी पंचकार्डं सांधत.
ती मोराची पट्टी त्याची आणि लक्ष्मीपतीची,
दोन हजारांवर कार्डं:
एकाने आलेख वाचायचा, तेलुगूत,
ओकटी, रेंडू, मूडू,
दुसऱ्याने ठोका द्यायचा.
कुणाला किती येत होतं, कधी कुणी विचारलं नाही.
पगारपत्रकात दोघेही मदतनीस.

मार्चमध्ये लक्ष्मीपती गेला.
मल्लेशममध्ये काही फरक नाही, असं सगळे म्हणाले.
तोच डबा, तीच कडक भाकरी, शेंगाचटणी,
तीच साडेचारची चहाची वेळ.
मी मात्र पाहिलंय,
तो हल्ली स्वतःच आकडा म्हणतो,
थांबतो,
मग स्वतःच ठोका देतो.
जिना चढताना तिसऱ्या पायरीवर कठडा धरतो.
गुडघा म्हणतो. असेल गुडघा.

"मग काय, काढलीस का?"
मी एक काढला. आदल्या रविवारचा.
पडदा ताजा केला.
नऊच्या जागी चारशे.
शेठ चष्मा पुढे ओढून बघत राहिले,
बराच वेळ.
खाली एक माग बंद पडला, कुणीतरी कांडी बदलली असेल,
पुन्हा सुरू झाला.

"हा राहू दे," ते म्हणाले.
मग, दारातून, वळून,
"नवी डिस्क केवढ्याला पडेल?
बिल काढून ठेव. जीएसटी धरून सांग."