पडायला बरं

भरमू, विमान घेताना
दुकानदार विचारेल, किती उंच उडवणार.
तू विचार, किती वेळा पडेल.

माझं पहिलं बाल्साचं होतं.
चार पगारांतून थोडं थोडं काढून मागवलेलं,
पंखांवर कागद असा ताणलेला
की टिचकी मारली तर हलगीगत वाजायचा.
येळ्ळूरच्या शिवारात, भात कापून झाल्यावर,
अकरा सेकंद उडालं.
बाराव्याला मी ते उलटं केलं
आणि घाबरून दांडी पोटाकडं ओढली,
सुलट असताना ओढतात तशी.
उलट्या विमानाचं वर म्हणजे खाली.
त्यानं ऐकलं. इमानदारीनं ऐकलं.

धसकटांतून काड्या वेचत बसलो होतो.
बांधावरून एक बाई म्हणाली, काय हुडकालायस रे?
विमान, म्हटलं.
ती हसली नाही.
तिनं आधी आभाळाकडं बघितलं.

मग ईरण्णा हुक्केरी भेटला, शहापुरातला, बोर्ड करणारा.
दुकानांवरचे बोर्ड बदलायचा हंगाम चाललेला,
कुठली अक्षरं मोठी, कुठली बारीक, रोज मोजमाप.
उतरवलेले जुने बोर्ड त्याच्या शेडमागं थप्पीनं पडलेले,
ते प्लॅस्टिकचे, ज्यांच्या पोटातून बारीक नळ्या जातात.
एक उचलून त्यानं माझ्यासमोर दुमडला,
सोडला,
परत सरळ झाला.
तगो, म्हणाला. फुकट.

जड असतंय, हे आधीच सांगतो.
गिरकी घेतंय ती दुपारच्या पाळीला निघाल्यागत.
खरं नाकावर पडलं तर नाक चेपतं, मोडत नाही,
चिकटपट्टी लावून पाच मिनिटांत परत वर.
दांड्यांना सायकलचे स्पोक घाल.
मोटर ट्यूबच्या रबरानं बांध, बोल्टनं नको.
तू लेथवर आहेस, तुला घट्ट आवळायची खोड,
खरं इथं आपटल्यावर सुटलेलं बरं, मोडलेल्यापेक्षा.
पैसे राहिलेच तर रिमोटवर घाल.
विमानं जातात.
एक माझं उसात गेलं, तोडणी होईपर्यंत मिळालं नाही.
मिळालं तेव्हा आत मुंग्यांचं बिऱ्हाड.
झटकलं, उडवलं.

बोर्ड कुठल्यातरी किराणा भांडाराचा होता.
कापताना पंखावर, वरच्या बाजूला, 'भां' आला,
लाल, टिंबासकट.
सुलट उडताना तो फक्त घारींना दिसायचा.
उलटं झालं की मला.
बस, तेवढीच खूण.
'भां' दिसला की दांडी पुढं ढकलायची,
ओढायची नाही, जीव कितीही ओढ म्हणू दे.

ईरण्णा मागून ओरडायचा, मेले! मेले!
कानडीत मेले म्हणजे वर.
मराठीत ऐकलं तरी
बहुतेक वेळा चूक नसायचं.

सहा महिने मी नुसता पडत होतो.
उद्यमबागेत लोक विचारायचे, काय चाललंय.
काय सांगणार?
चाळीस वर्षांचा माणूस रविवारी काय करालाय,
तर एक बोर्ड आभाळात नेऊन उलटा करालाय.
मग एका सकाळी 'भां' दिसला
आणि हात आपोआप पुढं गेला,
विचारलंच नाही त्यानं मला.
विमान त्या शिवारावरून उताणं निघालं,
शांत, पाठ जमिनीकडं,
ओळीनं बांध मागं पडत होते.
ईरण्णा काही ओरडला नाही.
वर म्हणायचं का खाली, त्यालाही ठरवता येईना बहुतेक.

नंतर पडलंच. विहिरीच्या कठड्यावर.
ते सोड.

तर महागडं बघू नकोस.
चकचकीत पंखाची भीती बसते हाताला,
आणि भ्यायलेला हात नेहमी ओढतो.
तुझ्यासाठी एक बोर्ड बाजूला ठेवलाय,
त्यावर अर्धा चष्मेवाला आहे, एक डोळा पंखावर येईल बघ.
रविवारी सहाला ये, वारा सुटायच्या आत.
सहा प्रोपेलर आण.

नको, दहा आण.